शेंदराचा पहिला हात

“नखानं खरवड,” मी म्हणालो. “बोटानं चोळून काही कळायचं नाही.”

निमाने खिडकीच्या कट्ट्यावरचा पहिला पैलवान उचलला. दीड इंच उंचीचा, दंड थोपटणारा. तिने अंगठ्याचं नख त्याच्या पाठीवरून खाली ओढलं. पांढरा पापुद्रा सुटून तिच्या फ्रॉकवर पडला.

“ह्यो गेला,” ती म्हणाली.

“कशाचं अस्तर होतं?”

“खडूची पूड आणि सरस.”

“वहीत लिही. आता दुसरा.”

दुसऱ्याला गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमधून आणलेला करडा प्रायमर दिला होता. त्यावर नखाची बारीक रेघ उठली, पण पापुद्रा निघाला नाही. निमाने पैलवान नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

“आबा, ह्याचा वास अजून जाईना. परवा लावताना माझं डोकं दुखाय लागलं होतं.”

“माझं पण,” बाकीच्या मुलांतला अस्लम म्हणाला. “पण मला मज्जा वाटली.”

“तुला पेट्रोलचा पण वास आवडतोय. तू गप.”

“मग हा बाद,” मी म्हणालो. “थिनरचा वास तुमच्या छातीत गेलेला मला चालणार नाही. कितीही पक्का असू दे. तिसरा बघ.”

तिसरा शेंदरी होता. पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला शेंदूर अळशीच्या तेलात घोटून मी त्याला एक हात दिला होता आणि पाच दिवस उन्हात ठेवला होता. निमाने नख ओढलं. पुन्हा ओढलं. मग कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्याच्या टोकाने खरवडलं. काहीच निघालं नाही.

“दातानं बघू का?” अस्लमने विचारलं.

“उंदीर हाईस का तू?” निमा म्हणाली, आणि सगळी हसली. मीही हसलो.

“मग कुठलं अस्तर घ्यायचं?” मी विचारलं. माझं उत्तर ठरलेलं होतं, पण मुलांनी आपलं आपण तोलून ठरवावं, ही माझी पद्धत. त्याला वेळ लागला तर लागू दे.

“शेंदराचं,” निमा म्हणाली. “वास न्हाई, निघत न्हाई. आणि हे बघा आबा, ह्याच्यावर अंगाचा रंग पातळ दिला ना, की आतनं तांबडी माती लागल्यागत दिसतंय. हौद्यात लोळून उठल्यावाणी.”

ती नऊ वर्षांची होती. मी तो पैलवान पाच दिवस रोज बघत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं.

हे सांगलीतलं, चौऱ्याण्णव सालचं. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. गावभागातल्या एका छापखान्यात मी पस्तीस वर्षं कंपोझिटर होतो. लाकडी खणांतून शिशाचे खिळे उचलायचे, एकेक अक्षर जुळवून ओळ करायची, ओळींचं पान करायचं. मग ऑफसेट आलं आणि आमचा प्रेस बंद झाला. मालकांनी झिजलेले खिळे मला घेऊन जायला सांगितलं. पोतंभर धातू घरी आला. त्याचं करायचं काय, म्हणून मी प्लास्टरचे साचे केले आणि खिळे वितळवून माणसं ओतायला लागलो. पैलवान, पंच, हलगीवाला, फेटे बांधलेले प्रेक्षक.

मुलं आपणहून आली. आधी खिडकीतून बघायची, मग उंबऱ्यावर बसायची, मग आत. दसऱ्यापर्यंत सात जण झाले. मुलांच्या शाळेचं पन्नासावं वर्ष होतं आणि सव्वीस जानेवारीला प्रदर्शन होतं. आम्ही ठरवलं, कुस्तीचं अख्खं मैदान करायचं. मधे हौदा, भोवती अडीचशे माणसं, आणि प्रत्येकाचा फेटा वेगळा.

शिसं वितळवताना मी एकाही मुलाला परसात येऊ देत नसे. कडी आतून लावून घेत असे. हे मुद्दाम सांगतो आहे.

रंग कुठले घ्यायचे यावरही आम्ही आठवडा घालवला. डबीतला तेलरंग चकाकायचा. माणूस घाम आल्यासारखा दिसायचा. पोस्टर कलर बोटाला लागून यायचा, पण शेंदराच्या अस्तरावर तो बसला. त्यात डिंकाचं पाणी घातलं की आणखी घट्ट बसला. अंगाच्या रंगात आम्ही चिमूटभर शेंदूरच मिसळायचो. शेंदरी फेट्यांना तर निव्वळ शेंदूर, डिंकात घोटलेला. घोटायचं काम निमाचं. ती खल मांडीत घेऊन बसायची आणि मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत बत्ता थांबवायची नाही. इतरांचा शेंदूर कणीदार व्हायचा, तिचा लोण्यासारखा.

फेट्याची घडी काढायला ब्रशचं टोक सुईसारखं लागतं. ते कसं करायचं तेही मीच शिकवलं. ब्रश रंगात बुडवायचा, फडक्यावर टेकवायचा आणि ओठांत धरून हलकेच फिरवत बाहेर ओढायचा. कुठलंही यंत्र असं टोक करत नाही.

“शी! तोंडात?” चंदू म्हणाला होता. चंदू आमच्यातला सगळ्यात लहान.

“देवाला लावतात तोच आहे,” मी म्हणालो. “विष असतं तर देवाच्या अंगाला लावला असता का?”

काम संपलं की हात फडक्याला पुसून सगळ्यांनी ओळीत बसायचं आणि मी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. प्रेसमध्ये चार वाजता आम्हाला गूळ मिळत असे. तीच शिस्त मी घरी ठेवली होती.

“आबा, शेंगदाणे पण ठेवा की,” अस्लम रोज म्हणायचा.

“शेंगदाणे औषध नाहीत. गूळ खा.”

कसलं औषध, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत निमा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. बाप आनंदा गवंडी मार्केट यार्डात पोती उचलायचा. आई इंदू हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायची. तिचे तळवे कायम पिवळे असत.

“सुट्टी हाय तर माझ्यासंगं येऊ दे म्हटलं गोदामात,” इंदू म्हणाली. “नुसती रंगरंगोटी करून काय मिळणार?”

“इंदू, तिच्या हातात वळण आहे. मी इतकी मुलं बघितली, असा हात नाही बघितला.”

“वळणानं पोट भरतंय व्हय, आबा?”

“माझं भरलं. पस्तीस वर्षं.”

ती हसली. आत वळून ओरडली, “जा गं बाई! तुझा वकील आलाय.”

निमा आतून धावत आली. चप्पल घालायलाही थांबली नाही.

त्या सुट्टीत ती रोज आली. सकाळी यायची, दिवे लागायच्या आत जायची. अडीचशेतले शंभर फेटे तिने एकटीने केले असतील.

नोव्हेंबर संपता संपता तिचं पोट दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. जेवण जाईना, पोट साफ होईना. रंग उतरला. गल्लीतल्या डॉक्टर शिंगट्यांनी जंताचं औषध दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा दिलं. तिच्यात रक्त कमी आहे म्हणाले, म्हणून मी तिच्या हातावर एकाऐवजी दोन खडे ठेवायला लागलो.

ती चिडकी झाली. एकदा अस्लम “तुझा फेटा वाकडा झालाय” म्हणाला, तर तिने त्याच्या अंगावर पाण्याची वाटी फेकली. अस्लम रडला नाही, नुसता बघत राहिला. त्या दोघांची भांडणं रोजची होती, पण ही भांडणासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला ते आठवतही नव्हतं.

“मी कुठं फेकली? खोटारडा हाईस तू.”

“शप्पथ, आबा! तुमच्यासमोर फेकली की नाही?”

“असू दे अस्लम,” मी म्हणालो. “तिला बरं नाही.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हातून ब्रश पडला. तिने उचलला, पुन्हा पडला. मी बघत होतो. बोटं ब्रशला धरत होती, पण मनगट वर उचलत नव्हतं. ते खाली लोंबत होतं.

“हात दमला,” मी म्हणालो. “आठ दिवस येऊ नको. घरी बसून जमेल तेवढं कर.”

आणि तिला रुसू द्यायचं नाही म्हणून मी वीस प्रेक्षक, दोन ब्रश आणि घोटलेल्या शेंदराची वाटी फडक्यात बांधून तिच्याबरोबर दिली.

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले असताना अस्लम धापा टाकत आला. निमाला मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. रात्रभर पोट धरून ओरडत होती, उलट्या थांबत नव्हत्या. मी मिळाली त्या पहिल्या एसटीने मिरजेला गेलो.

वॉर्डात ती भिंतीकडच्या खाटेवर होती. पाय पोटाशी घेतलेले. इंदू तिच्या पायांवरून हात फिरवत होती. मला बघून उठली.

“अपेंडिस म्हणत्यात. आज कापणार. आबा, तुम्ही आलासा, बरं झालं. ह्यांना कागदावरचं काय वाचता येत न्हाई.”

आनंदा खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याने मान हलवली.

“आबा,” निमा म्हणाली. आवाज बारीक होता. “फेटे राहिलेत माझे. चौदा.”

“राहू देत.”

“अस्लमला देऊ नका. त्यो ढब्बू काढतोय.”

“नाही देत.”

“तोंड कडू कडू झालंय. गूळ आणलासा?”

माझ्या खिशात पुडी होती. मी इंदूकडे पाहिलं. तिने नर्सकडे पाहिलं, आणि नर्सने दुरूनच बोट हलवलं. ऑपरेशनच्या आधी पोटात काही द्यायचं नव्हतं.

“नुसता जिभेला लावा,” निमा म्हणाली आणि नेहमीसारखं थट्टेने तोंड उघडलं. “आऽऽ.”

खिडकी माझ्या पाठीमागे होती आणि उजेड सरळ तिच्या तोंडात पडत होता. खालच्या दातांच्या मुळाशी, हिरड्यांच्या काठाने एक निळसर काळी रेघ होती. पेन्सिलीने काढल्यासारखी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

ती रेघ मला माहीत होती.

आमचे फोरमन केशवराव यांना ती होती. त्यांच्या आधीच्या फोरमनना होती. प्रेसमध्ये प्रत्येकाला ती ओळखता येत असे. कुणाच्या हिरडीवर निळी रेघ दिसली की मालक त्याला खिळ्यांवरून उठवून बाइंडिंगला बसवत. केशवराव उठले नाहीत. त्यांचं उजवं मनगट लोंबायला लागलं तेव्हा ते डाव्या हाताने कंपोझ करायला शिकले. म्हणूनच आम्हाला चार वाजता गूळ मिळायचा. शिसं अंगात गेलं तर गूळ ते काढून टाकतो, असं केशवरावांना त्यांच्या फोरमनने सांगितलं होतं आणि केशवरावांनी आम्हाला. मला पस्तीस वर्षांत काही झालं नाही. ते गुळामुळे, असं मी धरून चाललो होतो.

आणि शेंदूर म्हणजे काय, तेही मला ठाऊक होतं. खरा शेंदूर म्हणजे भाजून लाल केलेलं शिसं. रेल्वेच्या पुलांना गंज चढू नये म्हणून तोच लावतात. मुलांना गूळ द्यायचा, एवढी काळजी मी घेतली होती.

मी पुडी खिशात परत घातली.

“काय झालं, आबा?” इंदूने विचारलं.

“काही नाही. येतो मी जरा.”

मी व्हरांड्यात जाऊन बाकावर बसलो. समोर एक म्हातारा स्टीलच्या डब्यातून भात खात होता. मी स्वतःला सांगत होतो की डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांनी तपासलं आहे, एक्स-रे काढला आहे. त्यांना दिसलं नाही ते एका कंपोझिटरला कसं दिसेल? पोरीने पेन्सिल चावली असेल. जांभळं खाल्ली असतील. जानेवारीत जांभळं कुठली, हेही मला कळत होतं.

आनंदा कागद घेऊन आला.

“वाचून दाखवा, आबा. सही करायच्या आधी.”

मी चष्मा लावला. सगळं आयुष्य मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आलो होतो. तो कागदही मी मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला. रुग्णाचं नाव, निर्मला आनंदा गवंडी. वय नऊ. आजाराचं नाव. भूल देताना आणि शस्त्रक्रिया करताना काही बरंवाईट झालं तर दवाखाना जबाबदार नाही.

“म्हंजे बरी होईल न्हवं?” आनंदाने विचारलं.

मी बोट ठेवून त्याला सहीची जागा दाखवली. त्याने गुडघ्यावर कागद धरून, दाबून, अक्षर अक्षर काढत सही केली. ‘आनंदा’ लिहायला त्याला फार वेळ लागला. त्या सगळ्या वेळात मी बोलू शकत होतो.

तो आत गेला. थोड्या वेळाने चाकांचा आवाज आला. निमाला ढकलगाडीवरून नेत होते. ती माझ्यासमोरून गेली. डोळे मिटलेले होते आणि उजवा हात गाडीच्या कडेवरून खाली लोंबत होता. मनगटातून.

मी धावलो. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी एक तरुण डॉक्टरीणबाई हात धुऊन उभ्या होत्या. त्यांचं नाव कोरे. मला तेव्हा माहीत नव्हतं.

“बाई, थांबा! कापू नका तिला.”

“आजोबा, बाहेर व्हा. इथं यायचं नाही.”

“तिच्या हिरड्या बघा. निळी रेघ आहे. तिच्या अंगात शिसं गेलंय.”

त्या थांबल्या. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मीच घातलंय.”

त्यांनी मला दाराच्या बाजूला घेतलं. मी सांगायला लागलो तर सगळं एकदम बाहेर यायला लागलं: खिळे, पैलवान, साचे. त्यांनी हात वर केला.

“थांबा. मी विचारते तेवढंच सांगा. शिसं कशातून गेलं?”

“शेंदरातून.”

“देवाच्या?”

“हो. तेलात घोटून अस्तर द्यायचो. वरच्या रंगातही घालायचो.”

“हाताला लागून एवढं जात नाही.”

“ब्रश तोंडात धरायची. टोक करायला.”

“किती दिवस?”

“दसऱ्यापासून.”

“तुम्ही तिला तोंडात धरताना बघितलंत?”

“मी शिकवलं.”



“शेंदरात शिसं असतं हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं. पण आम्ही प्रेसमध्ये गूळ खायचो, बाई. त्याने काही होत नाही. मी रोज देत होतो गूळ. सगळ्यांना.”

“हात धुऊन?”

“फडक्याला पुसून.”

 त्यांनी आत जाऊन निमाचा ओठ अंगठ्याने खाली ओढून बघितला. मग भिंतीवरच्या दिव्यापाशी तिचा एक्स-रे लावला. मी दारातून बघत होतो. पोटाच्या जागी, काळ्यात, पांढरे बारीक ठिपके विखुरले होते.

“हे पोटातलं शिसं. मी सकाळी बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “फिल्मवरचा डाग समजले.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “अजून किती मुलं आहेत?”

“सहा.”

निमाला कापलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके यायला लागले. दात आवळलेले, डोळे पांढरे. डॉक्टर म्हणाल्या, शिसं डोक्यात चढलंय. इंजेक्शनं मिरजेत नव्हती, पुण्याहून मागवली. ती येईपर्यंत एक दिवस गेला. निमा जगते की नाही, हे पाच दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं.

पहिला झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं होतं.

“तिच्या आईला कुणी सांगायचं? तुम्ही की मी?”

“मी.”

इंदू वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. कागद वाचताना गप्प राहिलो, तेही सांगितलं. ती ओरडेल, मला मारेल, असं वाटत होतं.  पिवळे तळवे मांडीवर उताणे पडले होते, ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“पोरगी म्हणायची, आबा सांगतील तसंच करायचं,” ती म्हणाली. “घरी पण तसंच करायची. तोंडात धरून. मी म्हटलं, घाण कशाला तोंडात घालतीस? तर म्हणाली, आई, तुला कळत न्हाई.”



“बाकीच्या पोरांच्या घरी सांगितलंसा?”

“नाही अजून.”

“मग हितं काय बसलाय?” ती म्हणाली. “उठा.”

मी उठलो. त्या दिवशी सांगलीत सहा दारं वाजवली. प्रत्येक दारात तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मुलाला मिरजेला न्या, रक्त तपासा, माझ्याकडून आणलेलं जे काही घरात असेल ते हात न लावता कागदात गुंडाळून मला द्या. चंदूच्या वडिलांनी मला पायरीवरून खाली ढकललं. अस्लमच्या आईने आत बसवून पाणी दिलं आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. कारण अस्लमचंही पोट आठ दिवस दुखत होतं आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं होतं. मी काम बंद करीन म्हणून.

अस्लम बरा झाला. चंदू आणि बाकीचेही. त्यांच्या अंगात कमी गेलं होतं. त्यांचा हात निमासारखा चालत नव्हता, म्हणून त्यांना ब्रश कमी मिळत असे.

मैदान मी मोडलं. अडीचशे माणसं पोत्यात भरली आणि डॉक्टर कोऱ्यांनी सांगितलं तशी खोल खड्ड्यात पुरली. घराचं दार लावून बसलो. मुलांना काही शिकवण्याचा विचारही मनात येऊ देत नव्हतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी दार वाजलं. इंदू होती. तिने निमाचा हात धरला होता. निमाचे केस कापले होते. ती माझ्याकडे ओळखीचं हसली, पण ते हसू यायला थोडा वेळ लागला. नाव आठवायला लागतो तेवढा.

“तिला शाळेत बसवत न्हाईत,” इंदू म्हणाली. “अक्षरं गेली सगळी. हात पण धरत न्हाई. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी शिकवून घ्या. आम्हा दोघांना कुठलं येतंय?”

“मी कुणी तरी चांगला बघून देतो. पेन्शनीतले एक मास्तर आहेत, त्यांना...”

“तुम्हीच शिकवायचं.”

“इंदू, मला जमणार नाही.”

“का? हात थरथरतोय?” तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत दया नव्हती, आणि राग होता तो निवळलेला नव्हता. “तुम्हाला मुलं शिकवायला आवडतंय न्हवं? मग शिकवा. रोज. मी दारात बसणार.”

तेव्हापासून ती रोज पाचला निमाला घेऊन यायची. गोदामातून सरळ. उंबऱ्यावर बसायची, एक शब्द बोलायची नाही. निमाच्या मनगटाला डॉक्टरांनी लाकडी पट्टी बांधली होती. मी तिच्या बोटांत पेन्सिल द्यायचो, माझा हात तिच्या हातावर ठेवायचो आणि रेघ ओढायचो. उभी, आडवी. गोल. आधी नुसता गोल पंधरा दिवस. ती कंटाळायची, पेन्सिल फेकायची, रडायची. मी उचलून परत द्यायचो. मला घाई नव्हती. मला दुसरं कामही नव्हतं.

जूनच्या अखेरीला तिने माझा हात नसताना ‘नि’ काढला. वेलांटी ओळीबाहेर गेली होती. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग पान मागे उलटलं. ती तिची जुनी वही होती, इंदूने कोरी पानं राहिली म्हणून तीच आणली होती. मागच्या पानांवर गेल्या वर्षीचं अक्षर होतं. गोल, सारखं, छापल्यासारखं.

“हे कुणी लिहिलंय?”

“तू,” मी म्हणालो.

“मला येत होतं?”

“येत होतं.”

ती बोट त्या ओळींवरून फिरवत राहिली. बोट ओळीतून घसरत होतं.

“मग गेलं कसं, आबा?”

मी उंबऱ्याकडे पाहिलं. इंदू आमच्याकडेच बघत होती. मला वाटलं, ती म्हणेल, आजारी पडली होतीस म्हणून. मला वाटलं, ती मला त्यातून सोडवेल.

“सांगा,” इंदू म्हणाली. “तिला समजेल असं सांगा.”

निमा वाट बघत होती. मी तिच्या हातातली पेन्सिल काढून वहीत ठेवली, वही मिटली, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.